कार्ड दमदार, तरी लॅपटॉप अडखळतो: नवा घेण्याआधी जुना तपासा

"दादा, आरटीएक्स ४०६० म्हणजे भारी कार्ड ना? मग एक दिवाणखाना रेंडर व्हायला चाळीस मिनिटं का लागतात?"

विचारणारी माझी मावसबहीण, इंटिरिअर डिझाइन करते. आरटीएक्स ४०६० हे तिच्या लॅपटॉपमधलं एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड, आणि रेंडर म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र तयार करणं. दिवसा तिच्या लॅपटॉपवर स्केचअप, ब्लेंडर आणि फोटोशॉप, रात्री त्याच लॅपटॉपवर धाकट्या भावाचे गेम. तक्रार दोघांचीही. तिचं रेंडर संपत नाही, त्याचा गेम ऐन मारामारीत अडकतो. दोघांनी मिळून निदान करून टाकलं होतं की ४०६० कमी पडतंय, आता ४०७० वाला घ्यायचा. मला फक्त कोणतं मॉडेल ते विचारायला फोन केला होता.

हा फोन मला इतक्यांदा आलाय की आता मी नव्या मॉडेलचं नावच काढू देत नाही. आधी आहे तो लॅपटॉप समोर ठेवायला लावतो. बऱ्याचदा कार्ड कमी पडत नसतं. त्याला काम पोचत नसतं, नाहीतर पुरेशी वीज मिळत नसते, नाहीतर त्याची मेमरी तुडुंब भरलेली असते. अशा वेळी वरच्या नंबरचं कार्ड घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

काम नक्की कोण करतंय?

अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचे दोन गडी असतात. एक प्रोसेसरच्या पोटातला, दुसरा म्हणजे स्वतंत्र कार्ड. बॅटरी वाचावी म्हणून हलकं काम पहिल्याला आणि जड काम दुसऱ्याला, अशी वाटणी आपोआप होते. एनव्हिडियाने ही सोय २०१० मध्ये ऑप्टिमस या नावाने आणली. वाटणी सहसा बरोबर होते. पण चुकली तर कुठलीही सूचना येत नाही. सॉफ्टवेअर मुकाट पोटातल्या ग्राफिक्सवर रखडत राहतं आणि ज्याच्यासाठी पैसे मोजले ते कार्ड शेजारी झोपा काढत असतं.

बहिणीला रेंडर लावायला सांगितलं आणि टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर गेलो. तिथे जीपीयू ० आणि जीपीयू १ असे ग्राफिक्सचे दोन्ही गडी दिसतात, नावंही लिहिलेली असतात. प्रोसेसर १०० टक्क्यांवर, आणि ४०६० शून्यावर. तापमान ४१ अंश. म्हणजे चाळीस मिनिटं सगळं रेंडर एकटा प्रोसेसर ओढत होता.

इथे एक फसगत होते, तीही सांगतो. टास्क मॅनेजरचा पहिला आलेख बहुधा '३डी' असतो. रेंडरचं काम त्यात दिसत नाही, ते 'कूडा'मध्ये (एनव्हिडिया कार्डाकडून हिशोब करून घेण्याची पद्धत) दिसतं. आलेखाच्या डोक्यावरच्या नावावर क्लिक केलं की यादी उघडते, त्यातून कूडा निवडायचं. काही मशीनवर यादीत ते नसतंच. तेव्हा सरळ तापमान आणि भरलेली मेमरी पाहावी. कार्ड राबत असेल तर ते थंड राहूच शकत नाही. 'कार्ड २ टक्केच वापरलं जातंय' म्हणून घाबरलेल्या बऱ्याच लोकांचं कार्ड प्रत्यक्षात पूर्ण जोरात चाललेलं असतं, ते चुकीच्या आलेखाकडे बघत असतात एवढंच.

ब्लेंडरमधला इलाज दोन ठिकाणी आहे आणि लोक एकच करतात. एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टिम इथे गेलं की वर 'सायकल्स रेंडर डिव्हायसेस' (सायकल्स हे ब्लेंडरचं रेंडर इंजिन) दिसतं. बहिणीकडे तिथे 'नन' होतं. आरटीएक्स कार्ड असेल तर ऑप्टिक्स (या कार्डांची जलद रेंडर पद्धत) निवडायचं आणि खाली कार्डाच्या नावापुढे खूण करायची. मग रेंडरच्या गुणधर्मांत डिव्हाइससमोर 'सीपीयू' लिहिलेलं असतं, ते बदलून 'जीपीयू कम्प्यूट' करायचं. पहिलं करून दुसरं विसरलात तर काडीचाही फरक पडत नाही. दुसरी सेटिंग फाइलगणिक वेगळी असते, म्हणून जुनी फाइल उघडली की पुन्हा बघावी लागते. एवढं केल्यावर तोच दिवाणखाना अकरा मिनिटांत झाला.

इतर सॉफ्टवेअरसाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जा, प्रोग्रॅम यादीत घाला आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्येही अशीच सोय आहे, पण दोन्हीकडे वेगवेगळं सांगितलं असेल तर विंडोजचं चालतं. फोटोशॉपमध्ये हेल्पच्या यादीत 'जीपीयू कॉम्पॅटिबिलिटी' आहे, कार्ड ओळखलं गेलंय की नाही ते तिथे कळतं. ऑटोकॅडमध्ये 'ग्राफिक्सकॉन्फिग' हा कमांड टाइप करा, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद असेल तर तिथेच चालू होईल. प्रीमिअरमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या जनरल पानावर रेंडरर 'सॉफ्टवेअर ओन्ली' तर नाही ना, एवढं बघा.

गेमच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. ऑप्टिमसच्या मांडणीत स्वतंत्र कार्डाने काढलेलं चित्र थेट पडद्यावर जात नाही. ते आधी पोटातल्या ग्राफिक्सकडे जातं आणि तिथून पडद्यावर. या द्राविडी प्राणायामात थोडे एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, गळतात. लॅपटॉपला मक्स स्विच असेल तर कार्ड पडद्याला थेट जोडता येतं. ती सोय बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्ज) किंवा कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये असते. रेंडरला याने फरक पडत नाही, गेमला पडतो, बॅटरी मात्र लवकर संपते. मक्स नसेल तर बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयला लावून बघा, अनेक लॅपटॉपमध्ये ते पोर्ट स्वतंत्र कार्डालाच जोडलेलं असतं.

वॉट

खरी मेख इथे आहे, आणि जाहिरातीत सगळ्यात बारीक अक्षरात हेच छापलेलं असतं.

लॅपटॉपच्या कार्डाचं नाव एक असतं, ताकद मात्र प्रत्येक लॅपटॉपात वेगळी. आरटीएक्स ४०६० ला लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. ४०५० आणि ४०७० लाही हीच मर्यादा. म्हणजे दोन लॅपटॉपांवर हुबेहूब सारखंच नाव असेल आणि एकाला दुसऱ्याच्या तिप्पट वीज मिळत असेल. पूर्वी कमी वॉटच्या कार्डाच्या नावाला 'मॅक्स-क्यू' असं शेपूट असायचं, निदान ओळखता यायचं. २०२१ मध्ये लॅपटॉपमध्ये आलेल्या ३० मालिकेपासून ते शेपूटही गेलं.

मी स्वतः यात पोळलोय. पातळ, देखणा म्हणून ३०७० चा लॅपटॉप घेतला. त्यात कार्डाला ८० वॉट. मित्राकडे जाडजूड, ३०६० चा, पण ११५ वॉटचा. एकच फाइल दोघांनी रेंडर केली आणि त्याचा लॅपटॉप माझ्या आधी मोकळा झाला. फरक सेकंदांचाच होता, पण वरच्या नंबरचे पैसे मी मोजले होते. तेव्हापासून कार्डाचा नंबर ऐकला की मी पुढचा शब्द 'किती वॉट' असाच विचारतो.

आपल्या मशीनचा आकडा बघायला एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा. खालच्या कोपऱ्यात 'सिस्टिम इन्फर्मेशन' आहे, त्यात कमाल ग्राफिक्स पॉवर वॉटमध्ये लिहिलेली असते. हा आकडा डायनॅमिक बूस्ट धरून असू शकतो. प्रोसेसर निवांत असताना त्याच्या वाट्याची थोडी वीज कार्डाला द्यायची, ही ती युक्ती. त्यामुळे '१०० वॉट' लिहिलं असेल तर त्यातले काही उसने असतात, आणि प्रोसेसरही कामात असला की परत जातात.

कागदावरचा आकडा एक, मिळणारा दुसरा. बहिणीच्या मशीनवर कमाल ८५ वॉट लिहिलं होतं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावून रेंडर चालू असताना पाहिलं, तर कार्ड २८ वॉटवर. मी चक्रावलो. मग नजर टेबलाखाली गेली. मूळ चार्जर विटेएवढा जड, म्हणून ती दोन मॉनिटरांमधल्या एकाच्या यूएसबी-सी केबलवरच लॅपटॉप चालवत होती. ती केबल सगळी मिळून ६५ वॉट देत होती. त्यातच पडदा, प्रोसेसर, पंखे आणि कार्ड. मूळ चार्जर लावला, कार्ड ८२ वॉटवर गेलं, अकरा मिनिटांचं रेंडर सहावर आलं. यूएसबी-सी वाईट नाही, पण चार्ज होतंय म्हणजे पुरेशी वीज मिळतेय असं नाही.

भावाचं वेगळंच. तो पलंगावर लोळून, चार्जर न लावता खेळायचा आणि म्हणायचा, "दादा, गेम बरोब्बर ३० एफपीएसवर अडकतो, कमी नाही, जास्त नाही." इतका गोल आकडा आला की समजावं, कोणीतरी मुद्दाम लगाम घातलाय. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमधलं 'बॅटरी बूस्ट' बॅटरीवर असताना एफपीएस बांधून ठेवतं. ते बंद करता येतं, पण बॅटरीला मुळातच कार्डाची पूर्ण भूक भागवता येत नाही. जड गेम खेळायचा तर चार्जर लावूनच.

पॉवर प्लॅनही बघून घ्या. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये 'सायलेंट' निवडलेलं असेल तर पंखे शांत राहतात आणि कार्डही.

मेमरी, म्हणजे व्हीआरॅम

वीज सुरळीत झाली, तरी एक फाइल होती जी अजूनही रडत होती. पूर्ण घराची, चार खोल्या एकत्र. पहिली दोन मिनिटं झपाट्याने, मग एकदम कासवगती.

टास्क मॅनेजरमध्ये कार्डाच्या पानावर खाली दोन आकडे असतात. 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' म्हणजे कार्डाची स्वतःची, आणि 'शेअर्ड' म्हणजे लॅपटॉपच्या रॅममधून उधार घेतलेली. तिच्याकडे डेडिकेटेड ७.८ पैकी ७.७ जीबी, आणि शेअर्ड वर वर चाललेली, ५ जीबीच्या पुढे. हीच खूण. स्वतःची मेमरी भरली की कार्ड रॅमकडे हात पसरतं, आणि ती वाट कार्डाच्या मेमरीच्या मानाने बैलगाडीची आहे. काही वेळा एवढंही होत नाही, ब्लेंडर सरळ 'सिस्टिम इज आउट ऑफ जीपीयू मेमरी' म्हणून हात वर करतं.

भरतं कशाने? बहुतेक वेळा टेक्स्चरने, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांनी. हिशोब सोपा आहे. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचं चित्र, एका पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ६४ एमबी. डिस्कवर त्याची जेपीजी पाचसहा एमबीची असेल, पण कार्डात ती उलगडून बसते. तेच ८१९२ चं घेतलं तर २५६ एमबी. एका कापडाला रंग, खरखरीतपणा, नॉर्मल (पृष्ठभागावर उजेड कसा पडेल), उंचसखलपणा असे चार नकाशे, म्हणजे चार चित्रं, लागतात. चारही ८१९२ चे आणि रंगीत म्हणून साठवलेले असतील तर एकाच कापडाला १ जीबी. करड्या छटांचे नकाशे खरोखर एकाच चॅनेलचे ठेवले तर ते चौथा हिस्सा जागा घेतात, पण डाउनलोड केलेले संच बरेचदा तसे नसतात.

तिच्या फाइलमध्ये सोफ्यावर एक उशी होती. मागच्या खोलीत, दारातून अर्धी दिसणारी. अंतिम चित्रात तिची रुंदी जेमतेम दोनशे पिक्सेल. तिला ८१९२ चे चार नकाशे लावलेले. मी म्हटलं, "अगं, ही उशी तुझ्या अख्ख्या स्वयंपाकघरापेक्षा जड आहे." ब्लेंडरच्या रेंडर गुणधर्मांत 'सिम्प्लिफाय' आहे, त्यात टेक्स्चरची मर्यादा २०४८ केली. मेमरी ४.९ जीबीवर उतरली, शेअर्डचा आकडा खाली बसला, आणि चित्रात काय बदललं ते तिला स्वतःलाही दाखवता आलं नाही. जवळून दिसणाऱ्या लाकडी टेबलाचे नकाशे तेवढे अपुरे वाटले तर मर्यादा काढून बाकीचे हाताने लहान करावेत, हा पुढचा भाग.

गेममध्ये हेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. सरासरी एफपीएस चांगले, पण मान वळवली की झटका. 'टेक्स्चर क्वालिटी' एक पायरी खाली आणा. सावल्या आणि प्रतिबिंबं कमी करण्याआधी हे करून बघा, कारण टेक्स्चरचा भार मेमरीवर पडतो, कार्डाच्या वेगावर फारसा नाही. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवणं) चालू करून झटके जातील अशी आशा नको, तीही वर थोडी मेमरी खाते. आणि खेळताना मागे फोटोशॉप आणि ब्राउझरचे तीस टॅब उघडे असतील तर त्यांचाही वाटा त्याच ८ जीबीतून जातो. भावाच्या झटक्यांमागे चार्जरखेरीज हेच होतं, बहिणीची फाइल तशीच उघडी ठेवून तो गेम लावायचा.

आता त्या ४०७० चं. लॅपटॉपमधल्या ४०६० ला ८ जीबी आणि ४०७० लाही ८ जीबीच. गणित करणारे कोअर ३०७२ वरून ४६०८ होतात, मेमरी तेवढीच राहते. म्हणजे लॅपटॉप बदलला असता तरी ती चार खोल्यांची फाइल तिथेच, त्याच ठिकाणी मान टाकून बसली असती.

तापणं, आणि थोडं इतर

एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'परफॉर्मन्स लिमिट' खाली कारणं येतात. 'पॉवर' पुढे 'यस' असेल तर वॉटची मर्यादा लागतेय, हे बऱ्याचदा साहजिकच. 'थर्मल' पुढे असेल तर उष्णता. मागचा भाग दोन बोटं वर उचला, जाळी साफ करा, जुना लॅपटॉप असेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्या. गादीवर ठेवून वापरू नका, हे भावाला सांगून थकलो.

रॅमची एकच पट्टी असेल आणि दुसरी खाच रिकामी असेल तर दुसरी घाला. गेममधले बारीक झटके कधीकधी एवढ्यानेच जातात.

ड्रायव्हरबद्दल फार डोकं शिणवू नका. जीफोर्सला, म्हणजे एनव्हिडियाच्या या आरटीएक्स कार्डांना, 'गेम रेडी' आणि २०१९ पासूनचा 'स्टुडिओ' असे दोन मिळतात, दोन्ही त्याच कार्डाला चालतात. दिवसा पोट डिझाइनवर असेल तर स्टुडिओ ठेवा, गेम त्यावरही उत्तम चालतात.

जिथे कार्डाचा दोषच नाही

ऑटोकॅडमधलं द्विमितीय काम, रेव्हिटमधलं मॉडेलिंग, इलस्ट्रेटरमधले हजारो पॉइंट, फोटोशॉपचे बरेचसे रोजचे व्यवहार: हे सगळं प्रोसेसरच्या एका कोअरचा वेग आणि रॅम यांवर चालतं. इथे कार्ड दुप्पट केलं तरी काम जिथल्या तिथे. फोटोशॉप शंभर लेयरच्या फाइलवर दम टाकत असेल तर १६ ची ३२ जीबी रॅम करा. सॉलिडवर्क्सचं 'रिअलव्ह्यू' (मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय) निवडताच येत नसेल तर कार्ड खराब नाही, ते प्रमाणित यादीतलं नाही. ती यादी वर्कस्टेशन कार्डांची असते.

व्हिडिओवाल्यांसाठी एक गमतीची गोष्ट. नव्या कॅमेऱ्यांचं ४:२:२, १० बिट एच.२६५ फुटेज (रंगांचा जास्त तपशील दाबून साठवणारं स्वरूप) टाइमलाइनवर अडखळतं आणि शिव्या कार्डाला बसतात. ५० मालिकेच्या आधीच्या जीफोर्स कार्डांना हे स्वरूप उलगडताच येत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं पोटातलं ग्राफिक्स मात्र क्विक सिंक या व्हिडिओसाठीच्या सोयीने ते सहज करतं. म्हणजे ज्याला आपण वर हलकंच काम दिलं, तोच गडी इथे कामाचा. मक्सने त्याला पूर्ण बंद करून एडिटिंगला बसू नका.

एवढं करूनही नवा घ्यायचाच असेल तर

लॅपटॉपातलं कार्ड सहसा बोर्डावर पक्कं जोडलेलं असतं, नंतर बदलत नाही. रॅम आणि एसएसडी बहुतेक वेळा वाढवता येते. म्हणून तंगी असेल तर रॅम कमी घ्या, कार्डाची मेमरी कमी घेऊ नका. अपवाद पातळ लॅपटॉपांचा, त्यांची रॅमही पक्की जोडलेली असते.

त्रिमितीय काम किरकोळ असेल आणि गेम १९२० गुणिले १०८० पिक्सेलवर खेळायचे असतील तर ८ जीबी चालतील. ६ जीबीचं ४०५० मी आता डिझाइनवाल्याला सुचवत नाही. घरं, इमारती, झाडंझुडपं रेंडर करणार असाल तर १२ पासून सुरुवात करा. २०२५ मध्ये ५० मालिका आली तेव्हा लॅपटॉपमधलं ५०६० आणि ५०७० दोन्ही ८ जीबीचेच होते, ५०७० टीआय १२ चं, ५०८० १६ चं, ५०९० २४ चं. म्हणजे या कामासाठी खरी उडी ५०७० वर नाही, टीआयवर आहे. दोन्हींची नावं एका श्वासात घेतली जातात, तेव्हा जपून.

डेस्कटॉपच्या चाचण्या बघून लॅपटॉप निवडू नका. डेस्कटॉपचं ४०९० म्हणजे १६३८४ कोअर आणि २४ जीबी, लॅपटॉपचं ४०९० म्हणजे ९७२८ कोअर आणि १६ जीबी. नाव एक, चीज दोन.

एएमडीचं रेडिऑन गेमला छान. ब्लेंडरमध्येही हिप या एएमडीच्या पद्धतीने चालतं, फक्त ऑप्टिक्स मिळत नाही. पण आयरेसारखी काही रेंडर इंजिनं एनव्हिडियाच्या कार्डावरच कार्डाचा वेग देतात. तुमच्या इंजिनाच्या गरजांचं पान वाचल्याशिवाय रेडिऑन घेऊ नका.

पडद्याकडेही बघा. २५६० गुणिले १६०० चा पडदा डिझाइनला सुंदर, पण त्यात १९२० गुणिले १०८० च्या जवळपास दुप्पट पिक्सेल असतात. गेम पूर्ण रेझोल्यूशनवर खेळायचा म्हटलं तर कार्डावर तितका जास्त भार.

मशीन घरी आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत मूळ चार्जर लावून तुमचीच सगळ्यात जड फाइल अर्धा तास रेंडरला लावा, शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून. पहिल्या मिनिटाला सगळेच लॅपटॉप शूर असतात. तिसाव्या मिनिटाला कार्ड किती वॉटवर आहे तो आकडा लिहून ठेवा. सांगितलेल्यापेक्षा बराच कमी असेल तर त्याच दिवशी फोन करा. बहिणीने तो आकडा चिकटपट्टीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला लावलाय, जुन्याच लॅपटॉपच्या: ८२.